गणपतीआधी बोलेरोचा अल्टरनेटर: नवा, जुना की रिकंडिशन

गाडी महिंद्रा बोलेरो डीआय, २५२३ सीसी डिझेल. नोंदणी ऑक्टोबर २००९ ची, म्हणजे या, २०२४ च्या, ऑक्टोबरात पंधरा वर्षं भरतात आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागणार. मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात काम करतो. सध्या ऑफ सीझन आहे, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते. घर कोल्हापुरात, मूळ घर कणकवलीजवळ. गणपती ७ सप्टेंबरला बसतो, त्यामुळे ६ तारखेला फोंडा घाट उतरायचा आहे.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

रात्री राधानगरीहून येताना भोगावतीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडायला लागले. पाऊस चालू होता. वायपर काचेवर मध्येच थबकायचा, ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा हलायचा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा पूर्ण लागत नव्हता, पूर्ण विझतही नव्हता, नुसता मिणमिणत होता. एसी आणि टेप बंद करून घर गाठलं.

आबा म्हणाले, "बॅटरी गेली असणार." बॅटरी चौदा महिन्यांची आहे, म्हणून रात्रीच मीटर लावला. बंद गाडीत ११.९ व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. गाडी चालू करून आयडलला १२.३, रेस दिल्यावर १२.६. हेडलाइट आणि ब्लोअर लावले तर ११.८. चांगल्या चार्जिंगला १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. म्हणजे अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग) पुरेसं देत नव्हता, बॅटरी बिचारी एकटीच सगळं ओढत होती.

मीटर एसीच्या (दिशा बदलणाऱ्या विजेच्या, थंड हवेचा एसी नव्हे) रेंजवर टाकून बॅटरीच्या टर्मिनलवर धरला, ०.९ व्होल्ट आला. अर्धा व्होल्टच्या पुढे गेलं की डायोडवर संशय घ्यायचा. अल्टरनेटरच्या आतल्या तीन फेजच्या एसीला डायोड सरळ करतात, म्हणजे एकाच दिशेने वाहायला लावतात. एखादा उघडा पडला की लाटेत खड्डा पडतो आणि तो खड्डा इथे दिसतो. दिव्याचं मिणमिणणंही त्याच्याशी जुळतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

बॅटरी उतरवून रात्रभर चार्जरवर ठेवली होती, आता १२.७. मेलेली बॅटरी अल्टरनेटरच्या जिवावर भरायची नसते. तो तासन्तास पूर्ण ताकदीने चालतो, तापतो आणि आधीच दमलेला असेल तर त्यातच जातो.

अल्टरनेटरला दोष देण्याआधी बाकीचं तपासलं. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत लोड चालू ठेवून ०.१ व्होल्टची घट, ठीक. अर्थिंगच्या बाजूला मात्र ०.४. इंजिनाची अर्थ पट्टी गंजलेली होती. ती सोडवून पॉलिश पेपरने घासली, पुन्हा आवळली, घट ०.०५ वर आली. चार्जिंग तरीही १२.७ च्या वर जाईना. बेल्टच्या कडा चकाकत होत्या, तो बदलायलाच आला आहे, पण घसरत नव्हता.

शेजारचे एक काका आले. म्हणाले, "गाडी चालू ठेव आणि बॅटरीची एक वायर काढ. गाडी बंद पडली तर डायनामो गेला." मी हात जोडून नको म्हटलं. चालू गाडीत बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतो. त्या एका झटक्यात रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) जातो, आणि नव्या गाड्यांत त्याच्यासोबत कॉम्प्युटरही. वीस वर्षांपूर्वी हे सर्रास चालायचं. आज मीटर अडीचशे रुपयांत मिळतो.

मग बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवली. खरखर. आणि मागच्या बाजूला बोट फिरवलं तर बोट काळ्या तेलाने माखलं.

इथे मी थांबलो. या गाडीत अल्टरनेटरच्या पाठीवर ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, एकाच शाफ्टवर. पेट्रोलच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) त्यावर चालतो. डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो. या पंपाला इंजिनाचंच ऑइल बारीक पाइपने येतं आणि परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जातं. पंप आणि अल्टरनेटरच्या मधलं ऑइल सील खराब झालं की तेल अल्टरनेटरच्या आत शिरतं, कार्बन आणि स्लिप रिंगवर (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे आणि ते ज्यावर घासतात ती कडी) चढतं, धुळीशी मिसळून चिखल होतो.

आबा दोन महिने सांगत होते की ब्रेक जड लागतो. मी पॅड बदलले आणि विषय सोडून दिला. आज गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं, कडक झालं, दाबून धरूनच स्टार्टर मारला. पेडल लगेच थोडं खाली जायला हवं. ते गेलं, पण बऱ्याच वेळाने आणि अर्धवट.

त्यामुळे हा आता नुसता विजेचा प्रश्न राहिला नाही. जो अल्टरनेटर बसवेन त्याच्या पाठीवर माझ्या घरच्या सहा माणसांचे ब्रेक असणार आहेत. घाट उतरायचा आहे. तोपर्यंत गाडी गावातसुद्धा न्यायची नाही असं घरात सांगून किल्ली माझ्याकडे घेतली.

१४ ऑगस्ट, बुधवार

सुटी घेऊन स्पेअर पार्टच्या चार दुकानांत फिरलो. "बोलेरोचा अल्टरनेटर द्या" एवढ्याने भागत नाही. बोलेरो २००० सालापासून येते आणि तिची इंजिनं बदलत गेली: डीआय, मग सीआरडीई, पुढे एमहॉक. कान (बोल्टने इंजिनाला बसवायचे) कुठल्या कोनात, पुलीला किती खाचा, पंप आहे की नाही, ऑइलचा पाइप कुठल्या बाजूने, किती अँपिअर, सगळं जुळावं लागतं. मी जुन्याच्या पाटीवरचा पार्ट नंबर कापडाने पुसून फोटो काढून नेला होता. माझ्यावरचा मूळचा ल्युकास टीव्हीएसचा आहे, चेन्नईचा. पंधरा वर्षं, दोन लाख बारा हजार किलोमीटर, एकदाही उघडलेला नाही.

मिळालेले भाव:

नवा, कंपनीचा, पंपासह, पक्क्या बिलावर: ११,४००. मागवावा लागेल, आठ दिवस. एक वर्षाची वॉरंटी.

रिकंडिशन (जुनाच दुरुस्त करून विकलेला), आपला जुना देऊन: ५,२००. लगेच. सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी.

भंगारातला: २,५०० ते ३,०००, जसा आहे तसा.

आपलाच उघडून करून घेणं: उघडल्याशिवाय कोणी सांगेना.

आणखी एका काउंटरवर "नवाच आहे, ७,९०० ला देतो, बिल नको ना?" असं विचारलं. खोका हातात घेऊन पाहिला. नावाची छपाई अंधुक, पार्ट नंबरचं लेबल दुसऱ्या लेबलावर चिकटवलेलं, एमआरपी खोडलेली. आतल्या ॲल्युमिनियमच्या कडा खरबरीत. गाडीच्या पार्टवर तेव्हा, २०२४ मध्ये, २८ टक्के जीएसटी होता, बिल टाळलं की भाव उतरतो हे खरं. पण बिल नाही म्हणजे वॉरंटीही नाही, आणि हा माल कुठल्या कारखान्यातून निघाला हेही कळत नाही. पैसे वाचवायला जुना घेणारा माणूस निदान जुनं समजून घेतो. इथे नव्याचे पैसे देऊन न जाणो काय घरी आलं असतं.

पक्क्या बिलाच्या दुकानात हजार रुपये आगाऊ देऊन नवा मागवून ठेवला. दुकानदार ओळखीचे आहेत, म्हणाले, "२६ तारखेपर्यंत सांगा. नको असला तर हजार परत." पाठीशी एक सोय झाली.

१८ ऑगस्ट, रविवार

भंगारवाल्याकडे. जुना पार्ट घेण्याला माझा मुळात विरोध नाही. फक्त गाडी भंगारात का आली ते विचारायचं. समोरून आपटून निकामी झालेली चार वर्षांची गाडी असेल तर तिचा अल्टरनेटर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी तरुण. गाडी वय झाल्यामुळे मोडीत निघाली असेल तर मी एक म्हातारा काढून दुसरा म्हातारा बसवतोय.

तीन बघितले. पहिल्याचा शाफ्ट बाजूला हलवला तर हलला, बेअरिंगने आपली जागा खाल्लेली. दुसऱ्याच्या रोटरची (आत फिरणाऱ्या भागाची) वायर तुटलेली, मीटर काहीच दाखवेना. तिसरा खरंच चांगला होता. समोरून ठोकर बसलेल्या गाडीचा. कार्बनपाशी रोटरचा रोध ३ ओहमच्या आसपास आला, डायोड एका दिशेने दाखवत होते आणि उलट दिशेने अडत होते, पुली लोण्यासारखी फिरत होती. २,८०० सांगितले, २,५०० ला तयार झाले.

मग पंप. गाडी दोन पावसाळे उघड्यावर पडलेली, ऑइलचा पाइप काढून घेतलेला आणि तोंड तसंच उघडं. त्या भोकातून पाणी गेलं होतं. आत गंज दिसत होता. पंपाच्या रोटरमध्ये खाचा असतात आणि त्यांत पातळ पाती सरकतात. फिरताना ती बाहेर फेकली जाऊन भिंतीला घासतात, तेव्हाच हवा ओढली जाते. पाती खाचेत गंजून अडकली की पंप फिरतो पण ओढत नाही. भंगारवाले दादा म्हणाले, "ऑइल सोडा, दोन दिवसांत मोकळा हुतोय बघा." होईलही. पण आतला खडबडीतपणा जाणार नाही, आणि तो गंज माझ्या इंजिनाच्या ऑइलमध्ये जाईल.

साध्या पेट्रोल गाडीला असता तर हा तिसरा मी उचलला असता.

२१ ऑगस्ट, बुधवार

वेळ कमी म्हणून रिकंडिशन आणला. दुकानात चकचकीत चंदेरी रंग मारून रांगेत ठेवलेले होते. "आत काय काय बदललंय?" विचारलं. "सगळं." "मागचं झाकण उघडून दाखवता?" "सील तुटतं साहेब." रंग पाटीवरही मारलेला, अँपिअर वाचता येईनात. इथेच परत फिरायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र बरी केली: आपला जुना दिला नाही. त्याच्या जागी १,५०० अनामत ठेवली, बसवून बघतो आणि मग जुना आणून देतो म्हटलं.

संध्याकाळी बसवला. लोड नसताना १४.२. आबा खूश झाले. मी कारखान्यातून डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) आणला होता. हेडलाइट, ब्लोअर तीनवर, वायपर, एसी, सगळं लावलं. गाडीची एकूण भूक ३४ अँपिअर. अल्टरनेटर देत होता २२. बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प लावला तर करंट उलटा, १२ अँपिअर बॅटरीतून बाहेर जात होते. व्होल्टेज १२.६. अर्ध्या तासाने गरम झाल्यावर अल्टरनेटर १९ वर आला. एसी रेंजवर ०.७ व्होल्ट. म्हणजे याच्याही डायोडमध्ये खोट.

नुसता व्होल्टेज बघून "चार्जिंग झालं" म्हणणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. दिवसा शहरात फिरणाऱ्याला तर नाहीच. पावसाळी रात्री घाटात कळलं असतं. रिकामा १४.२ दाखवणारा अल्टरनेटर लोडवर काय देतो, तेही गरम झाल्यावर, हे बघितल्याशिवाय घेऊ नये. मागच्या बाजूला तासाभरात तेलाचा थेंबही धरला होता.

२२ ऑगस्ट, गुरुवार

परत दिला. बराच वाद झाला. शेवटी ५०० कापून पैसे दिले. माझे ५०० आणि एक दिवस गेला.

रिकंडिशन हा शब्द इतका सैल वापरला जातो याचं मला खरोखर वाईट वाटतं. नीट पुनर्निर्मिती म्हणजे पूर्ण सुटा करायचा, झिजणारा प्रत्येक भाग, म्हणजे बेअरिंग, कार्बन, सील, डायोड प्लेट, रेग्युलेटर, बदलायचा किंवा मोजून पास करायचा, स्लिप रिंग लेथवर घ्यायच्या, शेवटी टेस्ट बेंचवर लोड देऊन आकडे लिहायचे. दुरुस्ती म्हणजे जे बिघडलं तेवढं बदलायचं, हेही प्रामाणिक काम आहे, फक्त तसं सांगावं. आणि डिझेलने धुऊन रंग मारणं ही तिसरीच गोष्ट. तिन्हींना बाजारात नाव एकच, भावही जवळजवळ एकच.

कारखान्यात मोटार जळली की आम्ही रिवाइंड करतो. त्या मोटारी पुढे दहा-दहा सीझन चालतात, कारण कोणी वळली, कुठली तार वापरली, वार्निश किती तास भाजलं, हे सगळं वहीत असतं. मला अल्टरनेटरलाही तसाच हात हवा होता.

२४ ऑगस्ट, शनिवार

उद्यमनगर, कोल्हापुरातली वर्कशॉपची वसाहत. ज्या मामांकडे गेलो त्यांनी चाळीस वर्षं सेल्फ (स्टार्टर) आणि डायनामो उघडले आहेत. अल्टरनेटरला ते अजून डायनामोच म्हणतात, रेग्युलेटरला कटआउट. "समोर बसून बघणार असाल तर उघडतो," ते म्हणाले, "नंतर येऊन माझ्याशी भांडायचं न्हाई." मला तेच पाहिजे होतं.

उघडण्याआधी त्यांनी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या स्टेटरवर (न फिरणाऱ्या, वाइंडिंगच्या भागावर) छिन्नीने एकच बारीक रेघ ओढली. जोडताना झाकण फिरलं तर कान जुळत नाहीत. पुली काढली, पंप काढला, चार लांब बोल्ट, आणि आतून काळा गारा बाहेर आला. पंपाकडचं ऑइल सील दगडासारखं कडक झालं होतं. कार्बन नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके उरलेले, तेही तेलाने फुगलेले. स्लिप रिंगवर नखाला लागतील अशा दोन खाचा. डायोड प्लेट स्टेटरपासून सोडवून एकेक डायोड मोजला: नऊपैकी एक उघडा. पहिल्या रात्रीच्या ०.९ व्होल्टचा उलगडा झाला.

एवढं सगळं बदलता येतं. ज्यावर निर्णय ठरणार होता त्या गोष्टी तीनच: रोटर, स्टेटर आणि बेअरिंगच्या बैठका.

रोटर ३.१ ओहम. बारा व्होल्टला चारेक अँपिअर घेणार, बरोबर. स्टेटरच्या तिन्ही फेज आपसांत सारख्या, तार कुठे काळी पडलेली नाही, नुसती तेलकट. मामा म्हणाले, "तांब्याची तार हाय, रंग बघा, तपकिरी बी झाली न्हाई." मग मी पिशवीतून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) काढला. डायोड आणि रेग्युलेटर बाजूला काढलेले होते म्हणूनच. ते जोडलेले असताना मेगर लावला तर आपल्याच हाताने ते मारायचे. स्टेटर ते बॉडी २ मेगाओहम आला. कमी, पण तेलाच्या चिखलाने असा येतो. धुऊन भाजल्यावर पुन्हा बघायचं ठरलं.

मागच्या बेअरिंगची बैठक बघताना मात्र मी श्वास रोखला होता. बेअरिंग जाम होऊन बाहेरची कडा झाकणात फिरली असेल तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि मग नवं बेअरिंग कितीही चांगलं घाला, ते बसत नाही. काही जण तिथे पंच मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग घट्ट करतात. ते सहा महिने टिकतं. आमच्या झाकणात बेअरिंग बोटाने ढकलून गेलं नाही, प्रेसनेच बसलं.

दुपारी स्टेटर सॉल्व्हंटने धुऊन भट्टीत ठेवला. संध्याकाळी मेगर: ५० च्या पुढे. रोटरही तसाच. तिथेच बसून नव्याच्या दुकानाला फोन केला, मागवलेला दुसऱ्या कोणाला द्या. मेगर वर आला नसता, किंवा बैठक गेलेली असती, तर याच फोनवर मी नवा न्यायला येतो असं सांगितलं असतं.

२५ ऑगस्ट, रविवार

पंपाचा प्रश्न उरला होता. मामा म्हणाले नुसतं सील आणि पाती बदलू, तीनशेत होईल. पंप उघडून भिंतीवर बोट फिरवलं, पातींनी उभ्या रेषा पाडल्या होत्या. नवी पाती त्या रेषांवर नीट घासणार नाहीत. पंप पूर्ण नवा घेतला, पक्क्या बिलावर, २,६००. आबांना हा खर्च जास्त वाटला. मी त्यांना जुन्या पंपाची भिंत दाखवली. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि काही न बोलता खिशातून पैसे काढून दिले.

सगळा हिशोब लिहून ठेवतो. दोन बेअरिंग, जुन्यावरचे नंबर जुळवून, दोन्ही बाजूंनी रबर सीलची: ६४०. डायोड प्लेट ९५०. रेग्युलेटर कार्बनसकट ८५०. स्लिप रिंग लेथवर घेणं १००. वार्निश आणि भट्टी ३००. पंप २,६००. मजुरी ७००. एकूण ६,१४०.

तयार रिकंडिशनपेक्षा ९४० जास्त, नव्यापेक्षा ५,२६० कमी. आतला प्रत्येक भाग मी पाहिलेला.

२८ ऑगस्ट, बुधवार

जोडणी. मामांच्या बेंचवर मोटारीने फिरवून हेडलाइटच्या बल्बांचा लोड दिला. थंड असताना आणि वीस मिनिटांनी, दोन्ही आकडे त्यांनी खडूने भिंतीवर लिहिले, मी वहीत उतरवले. ४० अँपिअरच्या लोडला १३.९ व्होल्ट धरून होता.

गाडीवर बसवताना तीन गोष्टी केल्या. पंपात आधी स्वच्छ इंजिन ऑइल घातलं आणि पुली हाताने फिरवून ते सगळीकडे नेलं. पहिल्या सेकंदाला कोरडा फिरला तर पाती तिथेच घासतात. ऑइल पाइपच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर घातले. बेल्ट नवा घातला, अंगठ्याने दाबून साधारण सेंटिमीटरभर दबेल एवढा ताण. फार ताणला तर आज घातलेलं बेअरिंग वर्षात परत येईल.

बॅटरी चार्जरवर भरून घेतली होती. किल्ली फिरवली, चार्जिंगचा दिवा लागला. तो आधी लागायलाच हवा, त्याच दिव्यातून रोटरला सुरुवातीचा करंट जातो. बल्ब गेला असेल तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहू शकतो, आणि लोक अल्टरनेटर बदलत बसतात. गाडी चालू केली, दिवा पूर्ण विझला.

आयडलला १४.३. सगळा लोड लावून जरा रेस देऊन १३.९. बॅटरीकडे ६ अँपिअर आत जात होते. एसी रेंजवर ०.०४. व्हॅक्यूम गेज बूस्टरच्या पाइपला लावला, पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरच्या पुढे काटा गेला आणि तिथेच उभा राहिला. पेडलची परीक्षा: स्टार्टर लागताच पाय खाली गेला. गाडी बंद करून बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर आणखी तीन ब्रेक हलके लागले, म्हणजे बूस्टरचा एकतर्फी वॉल्व्हही शाबूत आहे.

आबांना बसवून गल्लीतून एक चक्कर. वळणावर ब्रेक दाबला आणि ते म्हणाले, "हाच. असाच होता पहिला."

१ सप्टेंबर, रविवार

दीड तास चालवली, पाऊस, सगळा लोड. गरम असताना १३.८. नवा बेल्ट थोडा सैल पडला, पुन्हा ताणला. मागची बाजू कोरडी. इंजिन ऑइल डिपस्टिकवर तेवढंच.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे पाचला निघालो. दाजीपूरपर्यंत धुकं, दहा फुटांवरचं दिसेना, हेडलाइट आणि वायपर सतत. लायटरच्या सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर लावला होता, १३.९ ते १४.१. फोंडा घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेक लागेल तेवढाच. मागच्या सीटवर आई आणि मुलं झोपलेली. घाट संपल्यावर बॉनेट उघडून मागच्या बाजूला कापड फिरवलं, कोरडं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गौरी-गणपती विसर्जन करून रात्री परत आलो. चढताना एसीसकट १३.८.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर गेला. २०१९ ची गाडी. मला म्हणाला, "दादा, तुमच्या मामांकडेच नेतो." मी आधी जाऊन बघितला. पुढचं बेअरिंग फुटून रोटर स्टेटरला घासला होता, पत्र्यावर निळे डाग, वाइंडिंग जळल्याचा वास. शिवाय त्याच्या गाडीत किती चार्ज करायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, रेग्युलेटर त्याच्याशी बोलणारा लागतो. बाजारातला कुठलाही साधा घालून चालत नाही. तो रोज रात्रपाळीला तीस किलोमीटर येतो. त्याला नवा घ्यायला सांगितलं, पक्क्या बिलावर, जुन्याचा पार्ट नंबर दाखवून. घेतला. लोडवरचे आकडे आम्ही दोघांनी मिळून घेतले आणि त्याच्या सर्व्हिस बुकात लिहिले.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आरटीओत गाडी दाखवली, नूतनीकरणाची फी ५,००० भरली. पाच वर्षं मिळतील.

घरी येऊन मोजलं: रिकामा १४.२, लोडवर १३.९, एसी रेंजवर ०.०४. बेल्ट ठीक. ऑइल पाइपच्या वॉशरपाशी पुसट ओल दिसली, बोल्ट पाव फेरा आवळला, पुसून घेतलं. रविवारी पुन्हा बघायचं.